सशाला घरी पोचवा

एका श्रावणातली गोष्ट आहे. पावसाने बडोद्यात दोन दिवस झड लावली होती. विश्वामित्रीचे पाणी वाढत असल्याच्या बातम्या येत होत्या आणि शाळांना सुट्टी पडली होती. पाच वर्षांची आमची नात घरात अडकून पडली होती. तिला कशात तरी गुंतवावे म्हणून आदल्याच दिवशी आणून ठेवलेले एक पुस्तक आम्ही तिच्यापुढे उघडले. त्यात वाचावयाचे असे जवळजवळ काहीच नव्हते. पानापानावर रंगीत चित्रे, आणि त्या चित्रांतून वळणे घेत जाणाऱ्या वाटा. पहिल्याच पानावर एका कोपऱ्यात भेदरलेला ससा, समोरच्या कोपऱ्यात त्याचे बीळ आणि मध्ये रानवाटांचा गुंता. सशाला घरी पोचवावयाचे, एवढेच काम!

त्यानंतर घरात शांतता पसरली. आम्ही स्वयंपाकघरातली कामे उरकली आणि असे पुस्तक काढणाऱ्याला मनोमन दुवा दिला. संध्याकाळी पाहतो तो सारे पुस्तक सोडवून झालेले! आम्ही कौतुकाने विचारले, ‘‘सगळं केलंस? एकटीनं?’’

‘‘हा आजी, बधुं थई गयुं!’’

उत्तर गोड होते. पण ते ऐकून आम्ही थबकलो. प्रश्न मराठीत विचारला होता, तो तिला पुरता कळला होता आणि उत्तर मात्र गुजरातीतून आले होते. हा अनुभव आमच्या एकट्याच्या घरचा नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे हेच उत्तर हिंदीतून येते, हैदराबादेत तेलुगूतून वा हिंदीतून येते आणि इंग्रजीतून तर सर्वत्रच येते. शेजारच्या भाषेविषयी आमचे काडीचेही गाऱ्हाणे नाही. गुजरातीने आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे, ती आमच्या नातीची हक्काची भाषा आहे. खंत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या साऱ्या दिवसात तिला मराठी बोलण्याची गरजच पडली नव्हती. एवढा मोठा पावसाळी दिवस आजी आणि नात एका छपराखाली होत्या, आणि पुस्तक हाती देऊन आम्ही स्वतःच तो दिवस मुका करून टाकला होता.

तेच पुस्तक पुढे आमच्या कामी कसे आले, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

खेळ जुनाच आहे

वाट चुकवणारी चित्रे ही काही आजची नवलाई नव्हे. भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर नोसॉस नावाचे प्राचीन नगर होते. तेथील ख्रिस्तपूर्व काळच्या नाण्यांवर सात फेऱ्यांचा चक्रव्यूह कोरलेला आढळतो. आपल्याकडे कर्नाटकातील हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर, बाराव्या शतकातील शिल्पांत, अभिमन्यूचा चक्रव्यूह असाच वर्तुळाकार वाटांनी दाखविला आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्या दगडावर प्राचीन माणसाने प्राण्यांची चित्रे कोरून ठेवली आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. त्या चित्रांतही वेटोळ्यांची एक मोठी आकृती आहे. ती पाहताच कोणाचेही बोट तिच्या खोबणीतून फिरू लागावे, अशी ती आहे.

नोसॉसच्या नाण्यावरील आकृतीत एक गंमत असते. तिच्यात फाटे नसतात. वाट एकच, ती कितीही वळली तरी शेवटी मध्यावर नेऊन सोडते. खरा भुलभुलैया निराळा. तेथे पावलोपावली निवड करावी लागते आणि चुकीची निवड आंधळ्या बोळात नेते. इंग्लंडातील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेत सतराव्या शतकाच्या अखेरीस झुडपांच्या उंच कुंपणांचा असा भुलभुलैया लावला गेला आणि तो आजही लोकांना चकवतो. लखनौचा बडा इमामबाडा तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाच असेल. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नबाब आसफउद्दौला याने १७८४ मध्ये तो बांधवला. त्याचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब असून मध्ये एकही खांब नाही. आणि त्या दालनाभोवतीच्या जाड भिंतींतून व छताशी फिरणाऱ्या अरुंद वाटा म्हणजेच तेथील प्रसिद्ध भुलभुलैया. वाटाड्या सोबत नसेल तर मोठी माणसेही तेथे रडकुंडीला येतात!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ बागेतून आणि वाड्यातून कागदावर उतरला तो घरोघर पोचला. १९७० नंतरच्या दशकात केवळ भुलभुलैयांची म्हणून पुस्तके निघू लागली. जपानचे चित्रकार मित्सुमासा आन्नो यांनी १९७७ मध्ये प्रवासाचे एक चित्रमय पुस्तक काढले. त्यात शब्द नाहीत. घोड्यावरचा एक प्रवासी पानोपानी गर्दीतून शोधून काढावयाचा. १९८७ मध्ये इंग्लंडच्या मार्टिन हँडफर्ड यांनी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला वॉली अशाच गर्दीत लपविला आणि जगभरची मुले त्याला शोधू लागली. आज दुकानात जी पुस्तके मिळतात त्यांत या सर्वांचा वारसा एकत्र येतो. वाट शोधा, ठिपके जोडा, दोन चित्रांतील फरक सांगा, लपलेल्या वस्तू हुडका, सावली ओळखा असे प्रकार एकाच पुस्तकात असतात.

पण हे सारे परके आहे असे मात्र समजू नये. चैत्रात अंगणात जे चैत्रांगण काढले जाते ते आठवून पाहावे. सूर्य, चंद्र, शंख, गोपद्मे, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन, पालखी! लहानपणी आईच्या मागे उकिडवे बसून ‘‘कासव कुठं आहे? हे बघ, सापडलं!’’ हा खेळ आपणही खेळलो आहोत. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, ती हात वळवण्याची पहिली तालीमच होती. ठिपक्यांच्या रांगोळीने तर पिढ्यान्‌पिढ्यांना ठिपके जोडावयास शिकविले.

हात, डोळा आणि धीर

या पुस्तकांचा उपयोग काय, असे सुनांना-लेकींना विचारले तर ‘‘हात वळतो’’ हे उत्तर पहिले येते. ते खोटे नाही. दोन रेघांच्या मधून, कडेला न लागता पेन्सिल नेणे हे अक्षर गिरवण्याआधीचे अक्षरच म्हणावयाचे. जपानमध्ये टोरू कुमोन या गणिताच्या शिक्षकांनी १९५४ मध्ये आपल्या मुलासाठी गणिताचे कागद तयार करण्यास प्रारंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या बालपुस्तकांतही अक्षरओळखीच्या आधी वाटा शोधण्याच्या वह्या आहेत. रुंद, सरळ वाटेपासून आरंभ करून हळूहळू अरुंद, वळणाच्या वाटेकडे त्या मुलाला नेतात.

दुसरा लाभ डोळ्याचा. पेन्सिल उचलण्यापूर्वी मूल नजरेने पुढची वाट चालून पाहते. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली पोर्टिअस यांनी १९१४ मध्ये भुलभुलैयांची एक कसोटी तयार केली ती यासाठीच. मुलाच्या अंगी पुढचा विचार करण्याची, योजना आखण्याची शक्ती कितपत आहे, हे शब्दांवाचून अजमावावे, असा त्यांचा हेतू होता. नागपूर येथे डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय बालकांसाठी जी बुद्धिमापन कसोटी सिद्ध केली, तिच्यातही भुलभुलैयाचा एक भाग आहे. मात्र यावरून, ‘रोज दहा कोडी सोडवली की मूल हुशार होते’ असे अनुमान कोणी काढू नये. उंची मोजण्याची पट्टी हे उंची वाढविण्याचे औषध नव्हे.

तिसरा लाभ आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे धीर. आंधळ्या बोळात शिरलेले मूल काय करते, हे एकदा निवांत बसून पाहावे. कोणी भिंत ओलांडून सरळ रेघ मारते, कोणी पान फाडते, कोणी पुस्तक भिरकावते. आणि एक दिवस तेच मूल थांबते, फाट्यापर्यंत मागे येते आणि दुसरी वाट धरते. चुकलेली वाट ओळखून मागे फिरण्यात कमीपणा नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते बोटाने शिकलेले असते.

वडिलधाऱ्यांच्या चुका

या कामी मोठी माणसे ज्या चुका करतात, त्या सर्व आम्ही केल्या आहेत. म्हणून अधिकाराने सांगतो. पहिली चूक म्हणजे पुस्तक देऊन आपण दूर होणे. ती तर आरंभीच सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही नवे पुस्तक घेऊन नातीशेजारी बसलो आणि दुसरी चूक केली. ती फाट्यावर अडखळताच आम्ही तिचे बोट धरून ‘‘अगं, इकडून नाही, इकडून!’’ म्हणत ससा बिळात पोचवूनही दिला. तिने आमच्याकडे पाहिले, पुस्तक मिटले आणि ती उठून गेली. तिच्या दृष्टीने आम्ही खेळ संपवून टाकला होता.

तिसरी चूक खरेदीतली. मूल हुशार आहे म्हणून त्याच्या वयापुढचे पुस्तक घेण्याचा मोह आवरावा. आमच्या अनुभवाने तीन वर्षांच्या मुलासाठी बोट मावेल एवढी रुंद वाट हवी आणि एखादाच फाटा असावा. चार-पाच वर्षांच्या मुलाला पेन्सिल चालते. सहा-सात वर्षांचे मूल पुलाखालून आणि पुलावरून जाणाऱ्या वाटाही उलगडू शकते. चित्रात कारण असावे. माकडाला केळ्यापाशी, वासराला गायीपाशी न्यावयाचे असेल तर मूल जीव ओतते. नुसत्या रेघांच्या जंजाळात त्याला स्वारस्य नसते. आणि पुस्तक पुरवून वापरावयाचे असेल तर पानावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ठेवून मेणखडूने वाट काढू द्यावी. फडक्याने पुसले की पाठच्या भावंडासाठी पान पुन्हा कोरे!

पेन्सिलीला मराठीच कळते

आता मूळ गोष्टीकडे वळतो. तिसऱ्या दिवशीही पाऊस होताच. आम्ही नातीला म्हटले, ‘‘आज पेन्सिल माझ्या हातात. पण मी डोळे मिटणार. तू सांगायचं आणि मी जायचं. मात्र एक अट आहे. ह्या पेन्सिलीला फक्त मराठीच कळतं.’’

ती खुदकन हसली. डोळे मिटलेली, चाचपडणारी आजी ही कल्पनाच तिला भारी वाटली असावी. खेळ सुरू झाला. ‘‘आजी, जमणी बाजू!’’ पेन्सिल हलेना. ‘‘जमणी बाजू जा ने!’’ पेन्सिल ढिम्म. क्षणभर ती गप्प बसली. तिला शब्द ठाऊक नव्हता असे नाही. रोज जेवताना ‘‘उजव्या हातानं जेव’’ हे ती ऐकतच होती. ऐकलेला शब्द ओठांवर आणण्याची वेळ तेवढी कधी आली नव्हती. मग हळूच आवाज आला, ‘‘उजवीकडे...?’’ आणि पेन्सिल निघाली!

‘‘थांब, थांब! मागे ये. भिंत आली. आता वर. थोडंच. आता... आजी, ते वाकडं असतं त्याला काय म्हणतात?’’

‘‘वळण.’’

‘‘वळणावर डावीकडे!’’

ससा बिळात पोचायला त्या दिवशी चांगली वीस मिनिटे लागली. आमची रेघ दोनदा भिंतीवरून गेली आणि एकदा तळ्यात बुडाली. पण त्या वीस मिनिटांत नातीने जेवढे मराठी उच्चारले, तेवढे त्याआधीच्या महिन्यातही उच्चारले नसेल. आणि तिला ते उच्चारावे लागले ते आजीला बरे वाटावे म्हणून नव्हे. आजी तळ्यात बुडू नये म्हणून!

ज्या पुस्तकात शब्द नाहीत, तेच आमच्यासारख्या घरांत भाषेचे पुस्तक होऊ शकते, ते असे. गोष्टीच्या पुस्तकात शब्द लेखकाने आधीच ठरवून ठेवलेले असतात. देवनागरी न वाचणाऱ्या मुलाला ती भिंत वाटते. चित्रकोड्याला कोणतीच भाषा नसते. शेजारी बसलेले माणूस जी बोलेल ती त्याची भाषा. परदेशात छापलेल्या पुस्तकातील ससासुद्धा आजी शेजारी बसली की मराठी होतो. फाटा, बोळ, तिठा, आडवाट, पायवाट, कुंपण, काठ, अलीकडे, पलीकडे हे शब्द शिकवणीतून येत नाहीत. ते वापरण्याची निकड लागते, आणि ती निकड हे एक पान निर्माण करते.

इतर कोड्यांनाही आपापला गुण आहे. ‘फरक ओळखा’ सोडवताना पूर्ण वाक्य बोलावे लागते. ‘‘ह्या चित्रात मांजराला शेपटी आहे, त्या चित्रात नाही.’’ हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडची मुले ‘ते झाड’, ‘ते पिल्लू’ येथे हमखास अडखळतात. लपलेल्या वस्तू हुडकण्याच्या चित्रात ‘‘ते पिल्लू कुठं गेलं?’’ असे दहादा विचारले की लिंग आपोआप जिभेवर बसते. व्याकरणाचे नावही काढावे लागत नाही. माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ मिळाल्यास अवश्य घ्यावे. आणि ‘बालभारती’ने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक कोणाच्या माळ्यावर असतील तर ते रद्दीत घालू नयेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पाटीवरचा चक्रव्यूह

पुस्तक नसले तरी अडत नाही. मराठी बालशिक्षणाला वळण लावणाऱ्या ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास प्रारंभ केला. तेव्हा महागड्या साधनांऐवजी खडे, पाने, बिया, शंख-शिंपले हीच त्यांनी मुलांची साधने केली. पाटी आणि खडू तर प्रत्येक घरात मिळतील.

सात फेऱ्यांचा चक्रव्यूह असा काढावा. पाटीच्या मधोमध एक अधिकचिन्ह काढावे. त्यामुळे झालेल्या चार घरांत एकेक काटकोन काढावा. काटकोनाचा कोपरा अधिकचिन्हाच्या मध्याकडे असावा आणि दोन्ही बाहू बाहेरच्या दिशेने जावेत. प्रत्येक काटकोनाच्या दोन बाहूंमध्ये, बाहेरच्या कोपऱ्यात, एक ठिपका द्यावा. आता अधिकचिन्हाचे वरचे टोक त्याच्या लगेच उजवीकडील काटकोनाच्या वरच्या टोकाशी कमानीने जोडावे. मग डावीकडचे पुढचे टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाशी, पहिल्या कमानीच्या वरून, जोडावे. ठिपका हेही एक टोकच समजावे. अशा एकावर एक आठ कमानी झाल्या की चक्रव्यूह पुरा होतो. रांगोळीची सवय असलेल्या हाताला हे दोनदा काढताच साधते. मध्यावर एक मनुका ठेवावी आणि मुलाला बोटाने वाट चालू द्यावी.

फाट्यांचा भुलभुलैया रचावयाचा असेल तर क्रम ध्यानात ठेवावा. आधी खरी वाट पेन्सिलीने पुसट आखावी, मग तिला खोट्या वाटा फोडाव्यात आणि भिंती शेवटी गडद कराव्यात. भिंती आधी उभ्या केल्या तर आपणच आत अडकतो! सहा-सात वर्षांच्या मुलाला हे रचण्याचे काम सोपवून पाहावे. बाबांना चकवावयाचे म्हटले की मुले कशी रंगात येतात, ते पाहण्यासारखे असते. त्यावेळी बाबांनी मात्र थोडे चुकावे. आणि डोळे मिटून, मुलाच्या सांगण्यावरून चालावे.

अभिमन्यूची कथा आपण मुलांना सांगतो. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याने आईच्या पोटात ऐकली, बाहेर पडण्याची ऐकावयाची राहून गेली. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांचे मराठी असेच अर्ध्यावर राहिलेले असते. कानांवाटे ते आत शिरलेले आहे. आपण बोललेले सारे त्यांना समजते. तोंडावाटे बाहेर पडण्याची वाट तेवढी त्यांना सापडलेली नाही. दोष अभिमन्यूचा नव्हता. ऐकवणारेच मध्ये थांबले होते.

ती वाट रागावून सापडत नाही, आणि ‘‘मराठीत बोल’’ या हुकमानेही सापडत नाही. एक चित्राचे पान, एक पेन्सिल आणि डोळे मिटून बसावयास तयार असलेले एक मोठे माणूस, एवढ्यावर तिचा आरंभ होतो. आमच्या घरी आता पाऊस लागला की नात स्वतःच पुस्तक घेऊन येते आणि दटावते, ‘‘आजी, डोळे मीट. आणि मध्येच उघडायचे नाहीत हं!’’

आम्ही डोळे मिटतो. तळ्यात पडण्याची आता भीती वाटत नाही.